बॉयलरचा दिवस

आमच्या जाऊबाईंना कोणी 'साध्या आहेत हो बिचाऱ्या' म्हटलं की माझं डोकं सणकतं. साधी माणसं स्वतःवर भरवसा ठेवून चालतात. जाऊबाईंचा स्वतःवर काडीचा भरवसा नाही, आणि त्यांचा खरा मोठेपणा त्यातच आहे. माझं म्हणणं उलटंपालटं वाटेल. थांबा, नीट सांगते.

आमची लॉन्ड्री आहे. दोघे भाऊ आणि आम्ही त्यांच्या बायका. थोरल्या त्या, धाकटी मी. भावजी, म्हणजे माझे थोरले दीर, वाफेच्या प्रेसवर. आमचे हे धुलाईच्या यंत्रांवर आणि घरोघरी कपडे पोचवायला. जाऊबाई काउंटरवर, शिवाय डाग काढायचं काम त्यांचंच. मी हातइस्त्रीवर. बोलते मी फार आणि तापतेही लगेच, म्हणून दुकानात माझं नाव 'वाफ' पडलं. घरातली सगळी माणसं कशी शांत, समजूतदार, मऊ. त्यांत मी एकटी तिखट. सासरी आले त्या दिवसापासून 'हिला जरा समजवा' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते माझं आडनाव वाटावं.

आत्ताच्या दुकानाआधी आमचं एक दुकान होतं, भाड्याचंच. त्या मालकाला जागेचा जास्त भाव मिळाला आणि त्याने आम्हाला सरळ बाहेर काढलं. बॉयलर ढकलगाडीवर, यंत्रं फुटपाथवर, आणि लोकांचे धुतलेले सूट लोखंडी रॅकला टांगून जाऊबाई रस्त्याच्या कडेला उभ्या. धूळ उडत होती म्हणून त्यांनी सगळ्या रॅकवर चादर टाकली होती आणि तिची टोकं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. येणारे-जाणारे बघत होते. ओळखीची गिऱ्हाइकंसुद्धा मान वळवून जात होती. मी मालकाच्या नावाने गल्ली डोक्यावर घेतली. जाऊबाई चादर धरून फक्त एवढंच म्हणाल्या, "पुढचं दुकान आपलं असणार. विकत घेतलेलं."

मग ही जागा मिळाली. मालक म्हातारे, भले गृहस्थ. विकायची वेळ आली तर आधी तुम्हालाच विचारीन, असा त्यांनी शब्द दिला. शब्द ठीक आहे, पण त्यांनी विचारलं त्या दिवशी आपल्याकडे काही असायला नको? दुकानाच्या कमाईतून बाजूला पडायचं ते बँकेत नुसतं बसून होतं, आणि जागांचे भाव त्याच्या पुढे पळत होते. अशा वेगाने गेलो असतो तर आमच्या म्हातारपणी फार तर दुकानाचं शटर आमच्या मालकीचं झालं असतं.

तेव्हा जाऊबाईंनी बँकेतल्या मॅडमचं डोकं खायला सुरुवात केली. रोज दुपारी जायच्या. एक दिवस आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाल्या, "अर्धे पैसे शेअरमध्ये घालू या. एका कंपनीत नाही. बाजारातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचा थोडा थोडा तुकडा घेणारा फंड असतो, त्यात. उरलेले अर्धे बँकेतच."

मी म्हटलं, "सगळ्यातलं थोडं थोडं? मग त्यात हुशारी कसली?"

"मला हुशारी नकोच आहे," त्या म्हणाल्या, "मला दुकान हवंय."

आणि मग त्यांनी नियम केला. नियम कशावर लिहावा? आमच्याकडे गिऱ्हाइकाच्या कपड्याच्या आत छोटी पट्टी लावतात, तिच्यावर खूण करायची खास शाई असते. कितीही धुवा, जात नाही. जाऊबाईंनी पांढऱ्या चादरीची हातभर पट्टी फाडली, कडा दुमडून शिवल्या, आणि त्या शाईने चार ओळी लिहून ती इस्त्रीच्या टेबलावरच्या खुंटीला, बरोबर माझ्या नाकासमोर, टांगली.

पहिली ओळ: अर्धं शेअरमध्ये, अर्धं बँकेत. दुसरी: बॉयलरच्या दिवशी बघायचं. शेअर अर्ध्याच्या वर गेले असतील तर वरचं विकून बँकेत टाकायचं, अर्ध्याच्या खाली आले असतील तर बँकेतून काढून शेअर घ्यायचे. तिसरी: मधल्या काळात बघायचं नाही, आणि दोघींच्या सहीशिवाय काही हलवायचं नाही. चौथी: नियम बदलायचा असेल तर बॉयलरच्या दिवशी सांगायचं, बदल लागू होईल पुढच्या बॉयलरच्या दिवशी.

बॉयलरचा दिवस म्हणजे काय, तर वर्षातून एकदा मिस्त्री येऊन बॉयलर उघडतो, आतला क्षार खरवडतो, झडपा तपासतो. त्या दिवशी वाफ नाही, म्हणजे कामच नाही. एरवी दुकानात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. भिंती गार, टेबलं गार, आम्हीही गार. "डोकं शांत असायला वर्षात तेवढा एकच दिवस आहे आपल्याकडे," जाऊबाई म्हणाल्या.

"पण नियम कशाला?" मी विचारलं. "तेव्हाचं तेव्हा बघू की."

त्यांनी समोरचा एक लोकरी कोट उचलला, कॉलरच्या आतलं लेबल मला दाखवलं. कोमट इस्त्री, मधे कापड घालून. "हे कुणी लिहिलं? ज्याने कोट शिवला त्याने. निवांत बसून. त्याला घाई नव्हती. तुला असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं. तुझ्या मनाने केलं असतंस तर किती कोट जाळले असतेस?"

मी बरेच जाळले होते, त्यामुळे तो विषय मी वाढवला नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. दोन सह्या ठीक, पण दुसरी सही माझी का? भावजी होते, आमचे हे होते, दोघेही शहाणे. मला वाटलं, ही उधळी बाई, हिच्यावर नजर राहावी म्हणून मला बांधून घेतलंय. वाटलं ते वाटलं. भांडण्यासारखं नव्हतं म्हणून गप्प बसले, आणि मी गप्प बसले म्हणून घरात सगळे घाबरले.

तर बॉयलरचे दिवस येत गेले. पहिली काही वर्षं बाजार असा उधळला की विचारू नका. दर वर्षी शेअर अर्ध्याच्या वर, दर वर्षी आम्ही वरचं कापून बँकेत टाकणार. बॉयलरचा मिस्त्री मोठा बोलका माणूस. स्वतःही शेअर घ्यायचा, पण त्याची तऱ्हा वेगळी. कोणीतरी कानात सांगायचं आणि हा घ्यायचा. एका वर्षी नवीन घड्याळ घालून आला, पुढच्या वर्षी नवी मोटरसायकल. पाना फिरवता फिरवता सांगायचा, "वाफबाई, तुमच्या जाऊबाई शेअर विकून बँकेत टाकतात? अहो, पळत्या घोड्यावरून कोणी उतरतं का?"

मला ते पटलं. पटलं म्हणजे अंगात भिनलं. मी कंबर कसून उभी राहिले. "यंदा विकायचं नाही. उलट बँकेतलंही काढू या आणि सगळं शेअरमध्ये घालू या. दोन वर्षांत दुकान आपलं."

"चालेल," जाऊबाई म्हणाल्या.

मी उडालेच. "चालेल?"

"पुढच्या वर्षीपासून. चौथी ओळ वाच. आज दुसऱ्या ओळीप्रमाणे सही कर."

मी सही केली, पण अशी की पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. आणि जाऊबाई बँकेत गेल्यावर मी ती पट्टी खुंटीवरून ओढून काढली आणि सरळ ब्लीचच्या बादलीत बुडवली. रात्रभर भिजू दे मेलीला, म्हटलं. आता लॉन्ड्रीत आयुष्य काढलेल्या बाईने खुणेच्या शाईवर ब्लीच ओतावं, याहून मोठा गाढवपणा कुठला? सकाळी बादलीतून काढली तर कापड दुधासारखं पांढरंशुभ्र आणि त्यावर चारही ओळी आधीपेक्षा ठळक! भावजी प्रेसवर डोकं टेकून हसले. जाऊबाईंनी पट्टी पिळली, इस्त्री केली, पुन्हा टांगली. "निदान स्वच्छ तरी झाली," म्हणाल्या.

पुढच्या बॉयलरच्या दिवशी त्यांनी स्वतःहूनच विषय काढला. "तुझा बदल आज लागू. सगळं शेअरमध्ये घालायचं ना? बोल, मी सही करते." पेन उघडून उभ्या. बाजार अजून वरच होता. मिस्त्री बॉयलरच्या पोटातून डोकं बाहेर काढून मला खुणावत होता. वर्षभर मी त्यांच्याशी भांडायची तयारी केली होती, आणि त्या भांडायलाच तयार नव्हत्या. समोर कोणी नसलं की माझी हवाच जाते. एकदम फुटपाथवरची ती चादर आठवली. सगळं एका बाजूला टाकायचं म्हणजे ती पुन्हा हातात आली तर?

"राहू दे," मी म्हटलं. "अर्धं-अर्धं."

त्यांनी मान हलवली. जिंकल्याची एक रेषासुद्धा चेहऱ्यावर नाही. मी असते तर पेढे वाटले असते.

त्यानंतरच्या वर्षात बाजार पडला. आम्ही बघत नव्हतो, पण ते लपतं होय? वर्तमानपत्रातलं बाजाराचं पान जाऊबाई आल्या आल्या बाजूला काढायच्या आणि धुतलेले पडदे त्यात गुंडाळून द्यायच्या. तरी गिऱ्हाइकांच्या तोंडावरून कळायचं. कोणी नवा सूट शिवायचं थांबवलं, कोणी जुनाच रफू करून आणला. काउंटरवर उभं राहून लोक हळू आवाजात बोलायला लागले, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

आणि थंडी सरता सरता भावजी गेले. सकाळी प्रेसपाशी उभे होते, म्हणाले जरा बसतो, आणि बसले ते बसलेच.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. आठवड्याने जाऊबाई दुकानात आल्या, घरून भावजींचे सगळे शर्ट आणले होते. एकेक धुतला, स्वतः प्रेस केला, कॉलरला गिऱ्हाइकाच्या नंबराचा बिल्ला लावला आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ओळीत टांगला. कोणीतरी पावती घेऊन न्यायला येणार असल्यासारखे. मी मागच्या मोरीत गेले, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडले. भावजींचा माझ्यावर जीव होता. घरात माझ्या भांडणांना हसणारा तो एकच माणूस होता.

जाऊबाई बदलल्या. दाराचं कुलूप दोन-दोनदा ओढून बघायला लागल्या. गल्ल्यातले पैसे मोजून पुन्हा मोजायच्या. रस्त्यावरून कोणी जोरात हॉर्न दिला तरी दचकायच्या. एका सकाळी बघते तर माझ्या टेबलावरची खुंटी रिकामी. पट्टी त्यांनी काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

बॉयलरचा दिवस आला. मिस्त्री आला, पण या खेपेला मोटरसायकल नव्हती, घड्याळही नव्हतं. गुपचूप बॉयलर उघडून बसला. आमचे हे स्टूल घेऊन कोपऱ्यात. जाऊबाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर आधीच त्यांची सही होती. फंडात आहे ते सगळं विकून बँकेत टाकायचं.

"सही कर," म्हणाल्या. "आता मला काही गमवायचं नाही. जेवढं गेलं तेवढं पुरे झालं."

त्यांचा आवाज अगदी बारीक होता. खरं सांगते, हात पेनाकडे गेला होता. कोण नाही म्हणेल? पण कागदाकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की हा त्यांच्या नियमाचा कागद नाही. हा घाईत उचललेल्या तापलेल्या इस्त्रीसारखा कागद आहे, आणि खाली कापड आमचं दुकान आहे.

"नाही करणार," मी म्हटलं.

आमचे हे उठले. "अगं, आज तरी हट्ट सोड. वहिनींचं मन बघ. ही वेळ आहे का भांडायची?"

"तुम्ही मधे पडू नका," मी म्हटलं आणि ड्रॉवर ओढला. पट्टी काढली. ती खुंटीला अडकवता अडकवता दोनदा खाली पडली. "जाऊबाई, चौथी ओळ वाचा."

"माझाच नियम मला शिकवतेस?"

"हो. शिकवते. बदल आज सांगायचा, लागू पुढच्या वर्षी. आणि आज दुसऱ्या ओळीप्रमाणे बँकेतून काढून शेअर घ्यायचे आहेत. तो कागद भरा."

त्या रडायला लागल्या. जाऊबाई! ज्या रस्त्यावर उभ्या राहून रडल्या नाहीत, त्या. "आमचे हे असते तर त्यांनी माझं ऐकलं असतं," म्हणाल्या. मिस्त्री पाना हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आमचे हे माझ्याकडे असे बघत होते की ही बाई आपण कुठून आणली. मला स्वतःचाच राग येत होता, लाज वाटत होती, आणि तरी मी टेबलापाशी खांबासारखी उभी. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं हो. बाजारातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. शेअर आणखी पडतील की चढतील, देवाला ठाऊक. मला एवढंच कळत होतं की ती चादर धरणारी बाई शांत असताना जे बोलली होती, ते या रडणाऱ्या बाईपासून मला सांभाळायचंय.

शेवटी त्यांनी दुसरा कागद ओढला. डोळे पुसले नाहीत. रडत रडतच भरला, रडत रडतच सही केली, आणि बँकेतले पैसे त्या खड्ड्यात टाकले. आजपर्यंत कोणाचं धाडस बघून मी गार झाले असेन, तर ते त्या सहीचं. न घाबरणाऱ्या माणसाचं कौतुक कसलं? ती बाई भीतीने लटलट कापत होती आणि तरी हात नियमाप्रमाणे चालत होता.

पेन खाली ठेवून म्हणाल्या, "माझा बदल ऐकून ठेव. पुढच्या बॉयलरच्या दिवशी सगळं विकायचं."

"ऐकला," मी म्हटलं.

मग वर्षभर आमचं बोलणं फक्त कामापुरतं. "या शर्टाचं बटण गेलंय." "हा डाग चहाचा आहे." घरात सगळ्यांनी मला दगडाच्या काळजाची ठरवलं. आमचे हे जेवताना ताटाकडे बघून जेवायचे. मी एरवी भांडून मोकळी होते, पण या वेळी भांडायला तोंडच नव्हतं. मी बरोबर होते की त्या, ते कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. आणि बाजार? पडदे गुंडाळताना चुकून एका मथळ्यावर नजर गेली. अजून खाली. मी पान उलटं केलं आणि पडदा असा बांधला की गिऱ्हाइकाला गाठ सुटेना.

त्या वर्षात म्हातारे मालकही दोनदा आजारी पडले. आज विचारतात की उद्या, या विचाराने मला घास गोड लागेना. आत्ता विचारलं तर आमच्या हातात पुरेसं नव्हतं. आणि जाऊबाईंनी त्यांच्या बदलाप्रमाणे सगळं विकलं, तर पुढेही कधी होणार नव्हतं. एवढं गणित मलाही येतं.

पुन्हा बॉयलरचा दिवस. पुन्हा गार भिंती आणि घड्याळाची टिकटिक. मिस्त्रीने कानात सांगणाऱ्यांचं ऐकणं सोडलं होतं, शेअरचं नावही काढत नव्हता. जाऊबाई आल्या, पिशवी टेबलावर ठेवली. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे मांडले. सगळं विकायचा एक, दुसऱ्या ओळीचा एक. रात्रभर मी ठरवत होते की पाया पडून विनवणी करायची, जुने दाखले द्यायचे, नाहीतर सरळ कागद फाडून टाकायचा. पण त्यांनी माझ्या वेळी यातलं काही केलं नव्हतं.

म्हणून मीही पेन उघडलं आणि म्हटलं, "तुमचा बदल आज लागू. सांगा, कुठे सही करू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षात पहिल्यांदा नीट बघितलं. मग भावजींच्या प्रेसकडे बघितलं. कपड्यांच्या ओळीत त्यांचे शर्ट अजून तसेच होते. जाऊबाई उठल्या, ओळीपाशी गेल्या, आणि एकेका शर्टाचा बिल्ला काढून खिशात टाकत राहिल्या. आमच्या ह्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मी डोळे वटारले.

शेवटचा बिल्ला काढून त्या परत आल्या, बसल्या. पट्टीवरच्या ओळी जणू दुसऱ्या कोणी लिहिल्या असाव्यात तशा वाचल्या.

"अर्धं-अर्धं," म्हणाल्या. "तोंड काय बघतेस, पेन दे."

मी पेन दिलं आणि मोरीकडे पळाले.

पुढचं काही घडवून आणावं लागलं नाही, घडायचं तसं घडत गेलं. बाजार सावरायला वेळ लागला, पण सावरला, मग चढला. बॉयलरच्या दिवशी पुन्हा वरचं कापून बँकेत टाकायची वेळ आली. त्या दोन पडत्या वर्षांत रडत-भांडत घेतलेलं सगळ्यात जास्त वाढलं, असं बँकेतल्या मॅडमने सांगितलं. मी मिस्त्रीला सांगितलं, मिस्त्रीने कपाळाला हात लावला, आणि मग स्वतःच्या घरासाठी चादरीची पट्टी मागून नेली.

आणि एक दिवस म्हातारे मालक काठी टेकत दुकानात आले. मुलाकडे राहायला जाणार होते. शब्दाला जागले. आधी तुम्हालाच विचारतोय, म्हणाले. जाऊबाईंनी किंमत ऐकली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. घासाघीससुद्धा केली नाही आम्ही. पुरत होतं.

खरेदीच्या कागदांवर सह्या करून आम्ही दोघी चालत परत आलो. शटर बंद होतं. एकीने वर करायचं की दोघींनी, असे दोन क्षण गेले, मग दोघींनी मिळून वर केलं. जाऊबाई थेट काउंटरपाशी गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहून भिंतींना हात लावून बघत होत्या, कापडाचा पोत बघतात तसा.

मी म्हटलं, "आज विचारते. तेव्हा दुसरी सही माझी का ठेवलीत? माझ्यावर नजर राहावी म्हणूनच ना?"

त्या हसल्या. "तुझ्यावर? अगं, तुला सगळं घर ओळखून होतं. भीती मला माझी होती. एक ना एक दिवस मी घाबरणार, हे मला माहीत होतं. आमचे हे माझं रडू बघून विरघळले असते. तुझे हे रुमाल घेऊन धावले असते. या घरात सगळे माझं ऐकतात. मला न ऐकणारं एक माणूस हवं होतं. म्हणून भांडकुदळ बाई निवडली."

इतकी वर्षं 'हिला जरा समजवा' ऐकत आले होते. आणि या बाईने पहिल्याच दिवशी, कोणाला न सांगता, माझ्या भांडणालाच आपल्या नियमाचा पाया केलं होतं.

"मी दगडाची नव्हते हो," मी म्हटलं. "रडले मी पण."

"माहीत आहे. मोरीत, नळ सोडून. त्या महिन्यात पाण्याचं बिल केवढं आलं होतं!"

मी त्यांना मिठी मारली. आमच्या घरात असं करत नाहीत, त्यांचे हात मधेच अडकले, पण त्यांनी सोडवून घेतले नाहीत. मग त्यांनीच पदर सारखा केला आणि माझ्या टेबलापाशी जाऊन पट्टीवरची धूळ झटकली.

"बॉयलर म्हातारा झालाय," म्हणाल्या. "चार-सहा वर्षांत नवा लागेल. थोडं उरलंय. पुन्हा सुरू करू. अर्धं-अर्धं. सही तुझी लागेल."

"पुन्हा अर्धं-अर्धंच का?" मी म्हटलं. "आता दुकान आपलं आहे, आता जरा..."

जाऊबाईंनी स्टूल ओढलं, पदर खोचला, आणि समोर ऐसपैस बसल्या. "हं," म्हणाल्या, "बोल."